बायोच्या गळ्यातली घंटा

"सगळं आहे, फक्त आवाज नाही," उमंगने गोठ्यासमोर मांडी ठोकून निकाल जाहीर केला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पापडीच्या त्या आळीत, क्रुसाच्या शेजारी उभा राहिलेला नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, या वर्षी खरंच देखणा झाला होता. बेथलेहेमचा डोंगर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा होता. उतारावर गवत होतं, तेही खरं, दोन आठवड्यांपूर्वी ताटांत नाचणी पेरून उगवलेलं. आरशाच्या तुकड्याचं तळं होतं. मेंढपाळ फेबियनने रंगवले होते. एकाला त्याच्या हातून चुकून मिशी निघाली, मग बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून त्याने सगळ्यांनाच काढली.

या टोळीची कॅप्टन होती प्रीतल. वय तेरा, इयत्ता आठवी. फेबियन तिचा धाकटा भाऊ, दहा वर्षांचा. उमंग तिच्या वर्गातला, गेल्याच वर्षी नायगावच्या नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहायला आलेला. त्याने आयुष्यात गोठा बांधला नव्हता, म्हणून त्याला लगेच इंजिनीअर करण्यात आलं होतं.

मागच्या वर्षी गोठा स्पर्धेच्या परीक्षकांनी यांच्या गोठ्यावर शेरा मारला होता, 'नीटनेटका, पण निर्जीव'. तो शब्द प्रीतलच्या डोक्यात वर्षभर माशाच्या काट्यासारखा रुतून बसला होता.

"बघ, हे सायकलचं चाक," उमंग सांगू लागला. "हँडल फिरवलं की तारा पुढे सरकणार. ताऱ्याला दोरा. दोऱ्याला घंटा. म्हणजे तारा येतोय आणि लांबून मेंढ्यांचा आवाज पण येतोय. परीक्षक एकदम खल्लास. फक्त घंटा खरी असली पाहिजे, सायकलची नको."

प्रीतलला असली घंटा माहीत होती. सगळ्या आळीला माहीत होती. ती सॅन्टन बाबांच्या बायोच्या गळ्यात होती.

सॅन्टन बाबांची वाडी क्रुसापासून चार घरं सोडून. कधीकाळी थंडीत घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली यायचे, वाड्यांमधून खतासाठी मेंढ्या बसवायचे. त्यातल्या एकाने जाताना दोन अशक्त कोकरं सॅन्टन बाबांच्या पदरात टाकली. त्या दोनांची आता अकरा झाली होती. पुढे म्हातारी बायो, मागे बाकीच्या दहा. बायो वळली की सगळ्या वळायच्या. बायो थांबली की सगळ्या थांबायच्या आणि एकमेकींच्या पाठीवर हनुवटी टेकवून उभ्या राहायच्या.

नाताळची सुट्टी लागल्यापासून प्रीतल रोज सकाळी तिथे जात होती. डिसेंबरच्या थंडीत मेंढ्यांच्या अंगातून वाफ निघायची. आधी मेंढ्यांच्या वाड्यातल्या लेंड्या झाडून टोपल्यांत भरायच्या आणि वांग्यांच्या वाफ्यात टाकायच्या. मग भाताचा पेंढा आणि बारीक चिरलेली केळीची पानं. दाराशी दोरीला मिठागरातला मिठाचा मोठा खडा टांगलेला असे, तो चाटायला रांग लागायची. दव वाळल्याशिवाय कळप बाहेर काढायचा नाही, हा सॅन्टन बाबांचा कडक नियम. ओलं गवत खाल्लं की मेंढीचं पोट फुगतं. साडेनऊला फाटक उघडायचं, ते दारात उभे राहून प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत मोजायचे. हातानेच, कारण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन जानेवारीत होतं. कापलेल्या भातशेतात बसून ते नुसत्या घंटेवरून सांगायचे, "बायो बांधाला लागली. आता डावीकडे वळली. आता कुनाची तरी काकडी खाते."

"मी बाबांना विचारते," प्रीतल म्हणाली.

आणि ती खरंच विचारायला गेली होती. तो रविवार होता. रविवारी सॅन्टन बाबा चर्चमध्ये मिस्साला जायचे, त्यामुळे मेंढ्या वाड्यातच असायच्या. दुपारी ती पोचली तेव्हा बाबा बाजेवर डोळ्यांवर रुमाल टाकून झोपले होते. ती थोडा वेळ उभी राहिली. एकदा खोकलीसुद्धा. मग तिच्या मनात आलं, उठवून विचारलं आणि नाही म्हणाले तर?

बायोच्या गळ्यातला पट्टा सोडायला अर्धं मिनिट लागलं. पितळी घंटा हातात जड आणि कोमट लागली. तिच्या जागी प्रीतलने नाताळच्या सजावटीतली सोनेरी प्लास्टिकची घंटा फितीने बांधली. आज नुसती यंत्रावर लावून बघायची, उद्या सकाळी दव वाळायच्या आत परत आणून बांधू, असं तिने बायोला सांगितलंही. बायोने तिचा फ्रॉक चावून बघितला.

"दिली बाबांनी?" फेबियनने विचारलं.

"हो," प्रीतल म्हणाली. एवढासा तर शब्द होता.

सोमवारी सकाळी उमंगच्या यंत्राचा दोरा चाकात अडकला. तो सोडवता सोडवता नऊ वाजले, सव्वानऊ झाले. परीक्षक मंगळवारी संध्याकाळी पाचला येणार होते. प्रीतलने स्वतःशी हिशेब केला की एक दिवसाने काय बिघडतं. गोठ्यावर जुनी चादर पडद्यासारखी टाकलेली होती आणि ती आत बसून दोऱ्याला गाठ मारत होती, तेवढ्यात रस्त्यावर खुरांचा आवाज आला. त्यात एक हलकीशी किणकिण.

खुरं चादरीच्या पलीकडे थांबली.

"बायोच्या घंटेला काय झालं, कळत नाय," सॅन्टन बाबा म्हणत होते. "लांबून आल्यासारखी वाजते." मग चादरीआडची तिची चाहूल ओळखून ते हसले. "काय गं प्रीतल, मोतीबिंदू कानात पन उतरतो काय?"

चादरीच्या आत खरी घंटा तिच्या नाकासमोर लोंबत होती. प्रीतलने ती मुठीत गच्च धरली आणि तीही हसली. तिला स्वतःचं ते हसणं मग दिवसभर ऐकू येत राहिलं.

संध्याकाळी कळप परत आला तो कळप म्हणून आलाच नाही. आधी तीन मेंढ्या आल्या, मग बायो, मग पाच. शेवटी सॅन्टन बाबा, काठीने रस्ता चाचपत, एका मेंढीचा कान धरून. फाटकात त्यांनी पाठींवर हात ठेवत मोजलं. दहा भरल्या. पुन्हा मोजलं. दहाच.

शाबू नव्हती. साबुदाण्यासारखी पांढरी म्हणून शाबू. आणि तिचे दिवस भरले होते. आज-उद्या कोकरू होणार म्हणून बाबांनी कालच तिच्यासाठी कोपऱ्यात वेगळा पेंढा अंथरला होता.

अंधार पडेपर्यंत सगळे शोधत होते. प्रीतल सर्वांत पुढे होती, काट्यांतून, बांधांवरून, हाका मारत. पायांवर ओरखडे उठले तेव्हा तिला बरंच वाटलं. परतल्यावर सॅन्टन बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फेबियनला म्हणाले, बहीण असावी तर अशी. प्रीतलला त्या रात्री जेवण गेलं नाही. मम्मीने कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

मंगळवारी सकाळी तिने ठरवलं की आता जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. पण वाडीत तिच्या आधी क्लारा आंटी पोचली होती. क्लारा आंटी सॅन्टन बाबांची मुलगी, विरारला फुलपाड्यात राहणारी. पहाटेच निघून आली होती आणि तिचे डोळे सुजलेले होते.

"पप्पा, डोळे गेले तेव्हा तुम्ही म्हणालात कान आहेत," ती सांगत होती. "आता तुम्हीच म्हणता, घंटा ऐकू येईना, कळप कुठे गेला कळलं नाही. मग राखणार कशाने? काल शाबू गेली. उद्या तुम्ही खाडीत जाल. मला फोन कोण करणार?"

सॅन्टन बाबांनी हळूहळू होकाराची मान हलवली. टेम्पो बुधवारी दुपारी येणार, असं ठरलं. मेंढ्या त्यात जाणार होत्या आणि बाबा फुलपाड्याला. टेम्पो कुठला, नाताळच्या आदल्या दिवशी मेंढ्या कोण विकत घेतं, हे कुणी उच्चारलं नाही. मागाहून आलेल्या फेबियनलासुद्धा ते कळलं आणि तो बायोच्या मानेला मिठी मारून बसला.

प्रीतलने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

"ये इकडे," बाबा तिच्या आवाजाच्या नुसत्या चाहुलीने म्हणाले. "काल अंधार होईपर्यंत फिरलीस. मेंढरं जातील, पन बायोची घंटा मी तुला देनार. माझ्या आज्याची आहे ती. तुझ्याकडे नीट राहील."

प्रीतल वळली आणि पळत सुटली. ती थेट क्रुसापाशी जाऊन थांबली. मागून फेबियन आला, त्याच्यामागे सायकलवरून उमंग.

"आधी शाबूला शोधायचं," ती धापा टाकत म्हणाली. "बाकी सगळं नंतर."

आधी शाबू सापडली तर नंतरचं सांगणं सोपं जाईल, असं तिला वाटत होतं. ही भित्र्या माणसाची योजना आहे हेही तिला कळत होतं. पण हातात दुसरी नव्हती.

काल कळप गेला होता त्या वाटेने तिघं निघाले. भातशेतं ओलांडली. बांधावरच्या बोरीच्या झुडपात काहीतरी चमकलं. प्रीतलने इतरांच्या आधी झडप घातली. सोनेरी प्लास्टिकची घंटा, काट्याला अडकून फितीसकट तुटलेली. तिने ती खिशात कोंबली. म्हणजे इथून पुढे बायो मुकीच होती, आणि म्हणजे इथेच कळप फुटला. कालच्या धावपळीत बायोचा रिकामा गळा कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

"काय मिळालं?" उमंगने विचारलं.

"कचरा," ती म्हणाली.

त्या झुडपापासून लेंड्यांचा माग दोन दिशांना जात होता. बराचसा घराकडे. थोडासा, एकाच मेंढीचा, खाडीच्या बाजूला. फेबियन वाकून चालत होता आणि मोठ्या गुप्तहेराच्या थाटात प्रत्येक लेंडी ताजी की शिळी ते सांगत होता. उमंगने त्याला चाखून बघण्याचा सल्ला दिला. माग रुडॉल्फ अंकलच्या नव्या बंगल्याच्या मागच्या कुंपणाशी येऊन संपला.

बंगल्याला पुढे उंच भिंत होती आणि मागे फक्त हिरवी जाळी, माणसाच्या डोक्याच्याही वर. आत झावळ्या, विटा आणि मातीचा ढीग. साखळीला बांधलेला एक तांबडा कुत्रा पाहुण्यांना बघून एवढा भुंकला की त्याला स्वतःलाच ठसका लागला.

"ही दोरी बघ," प्रीतल म्हणाली.

जाळी खाली एका ठिकाणी फाटलेली होती आणि निळ्या नायलॉनच्या दोरीने पुन्हा शिवलेली होती. दोरी नवी कोरी होती. प्रीतल गुडघ्यांवर बसली. टाक्यांखाली पांढऱ्या लोकरीचे पुंजके दाबले गेले होते. तिने नखाने एक ओढून बघितला. निघेना.

"लोकर दोरीच्या वर नाही, खाली आहे," ती हळूच म्हणाली. "म्हणजे आधी मेंढी गेली. आणि नंतर कुणीतरी भोक शिवलं."

उमंगने एक लांब शिट्टी मारली. मग त्याला काहीतरी सुचलं आणि तो सायकलवर टांग टाकून घरी गेला. पाऊण तासाने परत आला तो मोबाईल नाचवत. टॉवरच्या गच्चीवरून त्याने झूम करून बंगल्याच्या मागच्या आवाराचा फोटो काढला होता. चित्र अंधुक होतं, पण मातीच्या ढिगाशेजारी एक चौकोन स्पष्ट दिसत होता. त्यावर झावळ्या आणि जाळी. एक कोपरा आत खचलेला.

"खड्डा," फेबियन म्हणाला. त्या एका शब्दाने त्याचा चेहरा उतरला.

रुडॉल्फ अंकल पुढच्या अंगणात शिडीवर चढून नाताळचा कंदील लावत होते. माणूस वाईट नव्हता. दर नाताळला आळीतल्या पोरांना चॉकलेटं वाटायचा. त्यांनी शिडीवरूनच सगळं ऐकून घेतलं. हो, पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणलाय. पण त्यावर स्लॅब बसवून आठ दिवस झाले. जाळी फाटलेली दिसली म्हणून आज सकाळी बाहेरूनच शिवली, कुत्रीबित्री येतात. मेंढी कुठली येते?

"अंकल, स्लॅब बसवलेली तुम्ही बघितली?" प्रीतलने विचारलं.

"कामगारांना सांगून ठेवलं होतं, गावी जायच्या आधी बसवून जा म्हणून."

"पण बघितली का?"

"अगं, सांगितलं म्हणजे झालं. सांगितलेलं काम परत जाऊन बघायचं म्हणजे विश्वास नाही असं होतं." त्यांना तो विचार स्वतःलाच आवडलेला दिसला. उमंगने फोटो दाखवला, तेव्हा ते म्हणाले, ही वरची जाळी आहे, स्लॅब तिच्या खाली असणार. तो कुत्रा सोडवून बांधायचा, मागे जायचं, एवढा वेळ आत्ता नव्हता. पोरांनी सणासुदीचं डोकं खाऊ नये. उद्या बघू.

उद्या टेम्पो येणार होता.

तिघं पुन्हा मागे गेली. चार वाजून गेले होते. फेबियन जाळीला कान लावून पालथा पडला. उमंगने "शाबू, शाबू" अशा हाका मारल्या, त्या त्याच्या तोंडून भाजीवाल्याला बोलावल्यासारख्या वाटत होत्या. कुत्रा भुंकत राहिला. आतून काही नाही.

घाबरलेली मेंढी कुत्र्याच्या भुंकण्यात चिडीचूप होते. सॅन्टन बाबांनीच हे शिकवलं होतं. ती कुणाच्या हाकेला ओ देत नाही. एकाच आवाजाला देते.

प्रीतल उभी राहिली.

"घंटा पाहिजे," ती म्हणाली.

"पागल आहेस काय? पाचला परीक्षक येतायत," उमंग म्हणाला. "यंत्र आत्ता कुठे चालायला लागलंय."

"ती घंटा मला बाबांनी दिली नाही. मी बायोच्या गळ्यातून काढली, ते झोपले होते तेव्हा. हे तिच्या जागी बांधलं." तिने खिशातली तुटकी सोनेरी घंटा काढून दाखवली. "बाबांचे कान चांगले आहेत. घंटाच खोटी होती. शाबू माझ्यामुळे गेली, आणि टेम्पोपण माझ्यामुळे येतोय."

फेबियन उठून बसला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"पण मी विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस," तो म्हणाला.

क्लारा आंटीचे शब्द, बाबांचा हात, काहीच इतकं लागलं नव्हतं.

थोड्या वेळाने उमंगने घसा साफ केला. त्याच्याकडे एक आयडिया होती. घंटा गुपचूप आणायची, इथे वाजवायची, शाबूने आवाज दिला की परत नेऊन लावायची. मग कधीतरी बायोच्या गळ्यात. कुणाला कळायचं कारण नाही.

आयडिया चांगली होती. प्रीतलने ती पूर्ण एक मिनिट मनात घोळवली. नुसती घंटा वाजवली तर शाबू कदाचित ओरडेल. पण बायोच्या गळ्यात वाजली, बाकीच्या नऊ जणी मागे असल्या, तर नक्की ओरडेल. आणि कदाचितवर आता काही सोडायचं नव्हतं.

ती क्रुसापाशी पोचली तेव्हा परीक्षकांची गाडी आळीच्या तोंडाशी वळत होती. तिने चादर बाजूला केली, दोरा दातांनी तोडला. वरचा तारा सरकन खाली आला आणि एका मिशीवाल्या मेंढपाळाच्या डोक्यावर तिरका टेकला. प्रीतलने तो सरळ करायलाही वेळ घेतला नाही.

सॅन्टन बाबा वाड्याच्या दाराशी बसले होते. क्लारा आंटी आत त्यांचे कपडे बॅगेत भरत होती. प्रीतल कुणाशी न बोलता फाटक ढकलून आत शिरली, बायोच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि हात काढून घेतला. बायोने मान झटकली.

टण. टोंक. टण.

सॅन्टन बाबा उभे राहिले. काठी हातातून पडली ती त्यांनी उचलली नाही.

"क्लारा," ते म्हणाले. "ऐकू येतंय. मला नीट ऐकू येतंय."

त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघत बघत प्रीतलला बोलायचं होतं. ती बोलली. रविवारपासूनचं सगळं, चादरीच्या आतल्या हसण्यासकट. शेवटी म्हणाली, शाबू कुठे आहे ते आम्हाला माहीत आहे, पण बायोला घेऊन यायला पाहिजे.

बाबा रागावले नाहीत. तेच फार वाईट होतं. त्यांनी काठी मागितली, फाटक उघडलं आणि पाठींवर हात ठेवत दहा मोजल्या.

रुडॉल्फ अंकल केक आणायला गाडी बाहेर काढत होते. गेट उघडं, आणि समोर दहा मेंढ्या. बायो सरळ आत शिरली. तिच्यामागे बाकीच्या, गाडीच्या दोन्ही बाजूंनी. एकीने आरशात स्वतःला बघून थबकून मागच्यांचा खोळंबा केला.

"ए, ए, अरे काय हे," अंकल खिडकीतून म्हणत राहिले.

"शू," सॅन्टन बाबा म्हणाले. अंकल गप्प झाले.

टण. टोंक. टण. बायो घराला वळसा घालून मागे गेली. तांबडा कुत्रा एवढा कळप बघून शेडखाली जाऊन बसला. आवारात शांतता झाली.

मग झावळ्यांच्या खालून, जमिनीच्या पोटातून, एक घोगरा आवाज आला. "बें."

"अंकल," फेबियन अगदी नम्रपणे म्हणाला, "तुमची स्लॅब ओरडतेय."

अंकल धावले. जाळी ओढली. स्लॅब खड्ड्यावर नव्हतीच. आठ दिवसांपासून ती भिंतीला टेकवून ठेवलेली होती, तिच्यावर एका कामगाराचा टॉवेल वाळत होता. अंकलनी एकदा स्लॅबकडे बघितलं, एकदा खड्ड्याकडे, आणि कंदिलाची शिडी आणायला स्वतः पळाले. खड्डा कोरडा होता आणि पडताना झावळ्या खाली आल्या होत्या, म्हणून शाबूचे पाय वाचले होते. ती कोपऱ्यात उभी होती. तिच्या पोटाखाली काहीतरी ओलसर, काळंपांढरं हललं आणि पातळ आवाजात ओरडलं.

अकराच्या बारा झाल्या होत्या.

शाबूला वर काढायला तीन माणसं आणि एक पोतं लागलं. कोकरू प्रीतलने आणलं, फ्रॉकमध्ये गुंडाळून, शिडीच्या एकेका पायरीवर थांबत. ते तिच्या गळ्याशी चोखायला दूध शोधत होतं. वर आल्यावर तिने ते बाबांच्या हातात दिलं. बाबांनी त्याला चाचपलं, कान, पाठ, चारही पाय.

रुडॉल्फ अंकल फार ओशाळले होते. त्यांनी बाबांची माफी मागितली, आणि मग मुलांकडे वळून म्हणाले की तुम्ही विचारत होतात तेव्हाच मी उठून बघायला पाहिजे होतं, तुम्ही माझ्यापेक्षा शहाणी निघालात. लोकर दोरीच्या खाली होती, ही गोष्ट क्लारा आंटीने दोनदा सांगायला लावली. "एवढं डोकं कुठून आलं गं तुला," ती म्हणाली, आणि फोन काढून टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. सध्या ती स्वतः जानेवारीपर्यंत इथे राहणार होती.

सगळे शाबाशी देत होते. प्रीतल ती प्रत्येक वेळी उमंग आणि फेबियनकडे ढकलत होती.

सगळे पांगल्यावर सॅन्टन बाबा तिच्याकडे वळले.

"शाबूला तू शोधलंस, ते मी विसरनार नाय," ते म्हणाले. "पन एक सांगतो. काल दिवसभर मला वाटलं, मी संपलो. मेंढी हरवली तर शोधता येते, पोरी. तो दिवस कुठून आनशील?"

मग बाबांनी ठरवून टाकलं की ऑपरेशन होईपर्यंत रोज पहाटे वाडा तिने झाडायचा आणि बायोची घंटा तिनेच बांधायची.

गोठ्याला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'तारा पडलेला, कारागीर गायब, परंतु मेंढपाळांच्या मिशा लक्षात राहतील'. फेबियनने तो कागद वहीत जपून ठेवला. बहिणीशी तो दोन दिवस तुटक बोलला. तिसऱ्या दिवशी त्याने तिला करंज्यांसारख्या नेवऱ्यांतली मोठी नेवरी दिली, पण आधी विचारलं, "खरंच मोठी आहे ना? खरं सांग." तिने दोन्ही शेजारी ठेवून, मोजून सांगितलं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी दव वाळल्यावर कळप बाहेर पडला. पुढे बायो, टण-टोंक-टण. शाबू आणि तिचं कोकरू घरीच, कोपऱ्यातल्या पेंढ्यावर. सॅन्टन बाबा भातशेताच्या बांधावर पाय सोडून बसले आणि क्लारा आंटीला आपले कान दाखवायला लागले. डोळे मिटून, बोटाने दिशा करत. ती काळी, खुर घासत चालते. ती तिच्यामागची, नाक वाजवते. ती पलीकडची पाटाच्या पान्यात उतरली. क्लारा आंटी बघून बघून मान डोलावत होती. एकही चूक नव्हती.

"आनि ती," बाबांनी काठी मागच्या बाजूला रोखली. "सगळ्यांच्या मागे, पाय ओढत, थांबत थांबत येते. ती कोन?"

फेबियनने उमंगकडे बघितलं.

"ती मी, बाबा," प्रीतल म्हणाली.

बाबांनी बांधावर शेजारची जागा हाताने झटकली.

"मग मागे काय करतेस? फुडे ये."